पट, पाळी आणि समुद्र : सागरी नियोजनातील अनुकृतिखेळांचा तौलनिक विचार

१

समुद्राच्या वापराची वाटणी कशी करावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी कायद्याचा, भूगोलाचा किंवा फार तर अर्थशास्त्राचा वाटतो. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काय आहे, अशी शंका कोणास आली तर ती अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि २०११ सालापासून या प्रश्नाच्या उलगड्यासाठी युरोपात एक असे साधन वापरात आले आहे की, त्याचा स्वभाव शास्त्रीय आलेखापेक्षा नाट्याच्या अधिक जवळचा आहे. ते साधन म्हणजे खेळ. काल्पनिक किंवा खऱ्या समुद्राचा पट मांडावयाचा; नौकानयन, मासेमारी, पवनऊर्जा, निसर्गरक्षण अशा भूमिका भिडूंनी वाटून घ्यावयाच्या; ठरावीक नियमांनी डाव पुढे न्यावयाचा आणि प्रत्येक निर्णयाचे परिणाम पुढल्या डावात भोगावयाचे, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. इंग्रजीत यास 'सिम्युलेशन गेम' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'अनुकृतिखेळ' हा शब्द योजिला आहे. 'अनुकृती' ही संज्ञा आपल्या काव्यशास्त्रात श्रीशंकुकाच्या रसविचाराच्या संदर्भात सुपरिचित आहे. ती स्वीकारल्याने या खेळांविषयीचे काही प्रश्न अधिक नेमकेपणाने विचारता येतात.

लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : नकाशा समुद्राची जागा वाटतो, खेळ त्या वाटणीत काळाचे भान आणि दुसऱ्याचा आवाज आणतो. हे खेळाचे सामर्थ्य होय. परंतु ज्याचा आवाज पटावर उमटावयाचा तो मनुष्य पटापाशी बसलेला नसेल आणि त्याची भाषा नियमांत शिरलेली नसेल, तर हे सामर्थ्य पुष्कळ अंशी व्यर्थ जाते. या दोन विधानांचा विचार प्रथम उत्तर समुद्राच्या आणि नंतर आपल्या किनाऱ्यांच्या संदर्भात करावयाचा आहे.

२

समुद्राचे नियोजन ही कल्पना फार जुनी नाही. शतकानुशतके समुद्र हा सर्वांस मोकळा मानला गेला. किनाऱ्यालगतचा चिंचोळा पट्टा तेवढा राज्यकर्त्यांचा. १९८२ साली संमत झालेल्या आणि १९९४ साली अमलात आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याने बारा सागरी मैलांपर्यंतचा प्रादेशिक समुद्र आणि दोनशे सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र या मर्यादा सर्वमान्य केल्या. भारताने या मर्यादांचा कायदा १९७६ सालीच केला होता. क्षेत्र ठरले की त्यातील उपयोगांची व्यवस्था लावण्याचा प्रश्न ओघानेच येतो. ऑस्ट्रेलियात १९७५ साली ग्रेट बॅरियर रीफचे सागरी उद्यान कायद्याने निर्माण झाले आणि तेथे कोणत्या भागात काय चालेल, काय चालणार नाही, याची विभागणी करण्यात आली. सागरी अवकाश-नियोजनाचा आरंभ बहुधा तेथूनच सांगितला जातो. युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाने २००९ साली या नियोजनाची पायरीपायरीने मांडणी करणारी मार्गदर्शिका काढली. युरोपीय संघाने २०१४ साली त्याविषयीचा निर्देश संमत करून किनारा लाभलेल्या सदस्य देशांना ३१ मार्च २०२१ पर्यंत आपापले आराखडे सिद्ध करण्यास सांगितले.

याची निकड कोठे भासली हे पाहावयाचे असेल तर उत्तर समुद्राकडे पाहावे. बेल्जियमच्या वाट्याचा समुद्र अवघा सुमारे ३,४५० चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा पाण्यातून मोठमोठ्या बंदरांकडे जाणारे जलमार्ग आहेत, बांधकामासाठी तळाची वाळू उपसली जाते, समुद्रतळावर विजेच्या व संदेशवहनाच्या तारा आणि वायुनलिका आहेत, लष्करी सरावाची क्षेत्रे आहेत, पक्ष्यांची व सागरी जिवांची राखीव क्षेत्रे आहेत, पवनचक्क्या आहेत, आणि या सर्वांआधीपासून चालत आलेली मासेमारी आहे. बेल्जियमने २०१४ सालीच आपला पहिला कायदेशीर आराखडा केला, यात नवल नाही. पवनऊर्जेचा विस्तार तर विशेष वेगाने झाला. १९९१ साली डेन्मार्कच्या विंडेबी येथे समुद्रात अकरा पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तो जगातील पहिला असा प्रकल्प होय. २०२३ साली ओस्टेंड येथे नऊ देशांनी २०३० पर्यंत सुमारे १२० गिगावॉट आणि २०५० पर्यंत किमान ३०० गिगावॉट क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर केले. ज्या पाण्यात या चक्क्या उभ्या राहावयाच्या, ते पाणी रिकामे कधीच नव्हते.

अशा प्रसंगी पहिला उपाय सुचतो तो नकाशाचा. रंगीत पट्टे आखावे आणि ज्याला त्याला त्याचा पट्टा द्यावा. परंतु ही रीत जमिनीवरून उचललेली आहे. हद्द, बांध, गट, उतारा हे आपले सारे शब्द जमिनीच्या मालकीतून आलेले आहेत. समुद्राला बांध घालता येत नाही. एकाच ठिकाणी तळाशी तार असते, मध्ये माशांचा थवा असतो, वर जहाज चालते आणि त्याहीवर पक्षी उडत असतात. शिवाय तेच ठिकाण सकाळी एक असते आणि ओहोटीला दुसरे, आश्विनात एक असते आणि चैत्रात दुसरे. पवनचक्क्यांच्या क्षेत्रात जाळे ओढण्यास मनाई झाली की तेथील नौका दुसरीकडे जातात आणि तेथल्या माशांवरचा ताण वाढतो. जहाजांची वाट थोडी वळवली की अंतर, इंधन आणि टकरीचा धोका या तिन्हींत फरक पडतो. नकाशा ही साखळी दाखवू शकत नाही, कारण नकाशात 'नंतर' नसते. खेळात ते असते.

३

नियोजनासाठी खेळ ही कल्पना मुळात लष्करी आहे. आपले चतुरंग युद्धाची प्रतिमा घेऊन उभे राहिले; परंतु त्यात प्रत्यक्ष रणांगणाचे अनुकरण करण्याचा आग्रह नव्हता. तो आग्रह एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियात आला. फॉन राइसविट्झ पितापुत्रांनी सिद्ध केलेल्या आणि १८२४ साली नियमबद्ध झालेल्या युद्धखेळात नकाशा खऱ्या प्रदेशाचा होता, आणि निकाल देणारा एक मध्यस्थ होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच पद्धती नगररचनेत आली. अमेरिकेतील नगरनियोजक रिचर्ड ड्यूक यांनी १९७४ साली आपल्या ग्रंथात खेळाला भविष्याची भाषा म्हटले. त्यांचा मुद्दा आपल्या विषयाला फार जवळचा आहे. गुंतागुंतीच्या परिस्थितीविषयी एकाने बोलावे आणि दुसऱ्याने ऐकावे, या क्रमाने समज येत नाही. अनेकांनी एकाच वेळी, एकाच चित्राकडे बोट दाखवीत, परस्परांशी बोलावे लागते. खेळ ही अशा बहुमुखी संभाषणाची सोय होय. याच परंपरेत 'लिमिट्स टु ग्रोथ' या १९७२ सालच्या अहवालाचे एक कर्ते डेनिस मेडोज यांनी मासेमारीवर 'फिश बँक्स' हा खेळ रचला. त्यात प्रत्येक गट म्हणजे एक मासेमारी कंपनी असते. गट नौका विकत घेतात, त्या खोल पाण्यात की किनाऱ्याजवळ पाठवावयाच्या हे ठरवितात, आणि माशांची पैदास किती झाली हे त्यांना पकडीच्या आकड्यांवरूनच ताडावे लागते. शहाण्यासुरत्या भिडूंच्या हातूनही बहुधा समुद्र रिता होतो, आणि तो कोणा एकाच्या दुष्टाव्याने होत नाही, ही या खेळाची शिकवण आहे.

सागरी अवकाश-नियोजनाचा खेळ म्हणून आज सर्वांत अधिक ज्ञात आहे तो 'एमएसपी चॅलेंज'. नेदरलंड्समध्ये त्याचा उगम झाला आणि २०११ साली लिस्बन येथे निरनिराळ्या देशांतील नियोजक व शास्त्रज्ञांनी त्याचे पहिले रूप खेळून पाहिले. पुढे त्याची दोन रूपे प्रचारात आली. एक मेजावर मांडावयाचा पट. त्यात 'रिका' नावाचा काल्पनिक समुद्र आहे आणि त्याच्या काठी तीन काल्पनिक देश. एकाचे नाव उपसागरावरून, दुसऱ्याचे द्वीपकल्पावरून आणि तिसऱ्याचे बेटावरून ठेवले आहे. भिडू सोंगट्या ठेवतात आणि जलमार्ग व तारा दाखविण्यासाठी पटावर दोरे ताणतात. दुसरे रूप संगणकावरचे. ते ब्रेडा येथील उपयोजित विज्ञान विद्यापीठात विकसित झाले. त्यात उत्तर समुद्र, बाल्टिक समुद्र, स्कॉटलंडमधील क्लाइडचे पाणी असे खरे सागर खऱ्या माहितीसह घेतलेले आहेत. प्रत्येक देशाचा गट आराखडा रचतो, तो सल्लामसलतीस ठेवतो, शेजाऱ्याची मान्यता लागेल तेथे ती मिळवितो, आणि मग ठरल्या वेळी आराखडा अमलात येतो. काळ महिन्यामहिन्याने पुढे सरकतो आणि दशके उलटतात. जहाजांची वर्दळ, विजेचे वहन आणि परिसंस्था यांची गणिते संगणक करीत राहतो. परिसंस्थेच्या गणितामागे 'इकोपाथ' नावाचे प्रतिमान आहे. त्याचा आरंभ १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात हवाईनजीकच्या प्रवाळद्वीपांच्या अभ्यासात जेफ्री पोलोविना यांनी केला; कोणता जीव कोणास खातो आणि किती, याचा हिशेब हा त्याचा पाया होय.

येथे 'डाव' आणि 'पाळी' या आपल्या दोन शब्दांकडे लक्ष द्यावयास हवे. खेळात माझी पाळी संपल्यावर तुझी येते आणि तुझ्या पाळीत तू जे करशील त्यास धरूनच मला पुढची खेळी करावी लागते. नकाशावरची रेषा एकदा आखली की मुकी होते. पटावर ताणलेल्या दोऱ्याला मात्र पुढच्या पाळीत कोणी तरी हरकत घेतो. आराखड्याला शेजाऱ्याची मान्यता हवी, या एका नियमाने संवाद टाळता येईनासा होतो. एकट्याने बसून बुद्धिबळाची कोडी सोडविता येतील. हा डाव मात्र दुसऱ्याशी बोलल्याशिवाय पुढे सरकतच नाही.

४

या खेळांचे वर्णन पाश्चात्त्य चिंतनाच्या आधारे करता येते. डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी १९३८ सालच्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळाला नित्याच्या व्यवहारापासून वेगळ्या आखलेल्या वर्तुळात पाहिले. रॉजे कायवा यांनी १९५८ साली खेळांचे स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवंड असे चार वर्ग कल्पिले. त्या दृष्टीने पाहिले तर सागरी खेळात स्पर्धा थोडी, दैव थोडे आणि सोंग पुष्कळ आहे. आपल्याकडे परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटाशी तुलना केली तर फरक ध्यानात येतो. मोक्षपटही उपदेशासाठीच मांडला जातो. परंतु तेथे चढउतार कवडीच्या किंवा फाशाच्या दानावर होतात आणि शेजारच्या भिडूशी बोलण्याचे कारण पडत नाही. प्रत्येकाची वाट ज्याची त्याची आहे. समुद्राच्या पटावर वाटाच एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

तथापि सोंगाचा विचार आपल्या नाट्यचिंतनाने अधिक सूक्ष्मपणे केला आहे. श्रीशंकुकाचे मत अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त नोंदविले आहे. नट हा रामाची अनुकृती करतो, आणि प्रेक्षकाला होणारी 'हा राम' ही प्रतीती चित्रातील घोड्याच्या प्रतीतीसारखी असते. ती यथार्थ नव्हे, मिथ्या नव्हे, संशयाची नव्हे आणि निव्वळ सादृश्याचीही नव्हे. हाच तो चित्रतुरगन्याय. रिका समुद्राच्या पटाला हा न्याय चपखल लागू पडतो. भिडूला ठाऊक असते की हा समुद्र कागदाचा आहे. तरीही आपल्या जलमार्गावर कोणी पवनचक्की ठेवली की तो उसळून उठतो. तो भ्रमात नसतो आणि बेफिकीरही नसतो. या मधल्या अवस्थेतच त्याला प्रश्नाचा विचार मोकळेपणाने करता येतो.

मोकळेपणा का येतो, याचे उत्तर भट्टनायकाच्या साधारणीकरणात सापडते. रंगमंचावरील भाव 'माझा' नसतो, 'शत्रूचा' नसतो, 'त्रयस्थाचा'ही नसतो. व्यक्तीच्या गाठी सुटल्यामुळेच त्याचा आस्वाद घेता येतो. खऱ्या वाटाघाटीत प्रत्येक अधिकारी आपल्या खात्याला बांधलेला असतो. त्याने एक पाऊल मागे घेतले तर ती माघार ठरते आणि कागदोपत्री नोंदली जाते. काल्पनिक देशाचा मंत्री झाल्यावर, किंवा बंदराच्या अधिकाऱ्याने मच्छीमाराची भूमिका घेतल्यावर, ती गाठ सैल होते. ज्या मुद्द्यावर तो आजवर केवळ हरकत घेत आला, तोच मुद्दा त्याला आतून मांडावा लागतो. काल्पनिक समुद्राला काल्पनिक नावे देण्यात हे साधारणीकरण आहे, हे ओळखले म्हणजे ती नावे बालिश वाटेनाशी होतात.

५

मात्र श्रीशंकुकाच्या मतावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतोत यांनी घेतलेला आक्षेपही आपल्याला तितकाच उपयोगी आहे. अनुकरण हे अनुकरण म्हणून ओळखावयाचे तर मूळ पाहिलेले असावे लागते. राम तर कोणी पाहिलेला नाही, मग ही त्याची अनुकृती असे म्हणावयाचे कशाच्या आधारे? नाट्याच्या बाबतीत या आक्षेपाचे काय करावयाचे हा निराळा विषय आहे. अनुकृतिखेळाच्या बाबतीत तो थेट वर्मावर बोट ठेवतो. मच्छीमाराची भूमिका करणाऱ्याने मच्छीमाराचा समुद्र पाहिलेला आहे काय? पाहिलेला नसेल, तर त्याने उभा केलेला मच्छीमार हा आराखड्यातल्या मच्छीमाराचीच नक्कल असणार. मग खेळात सर्वांचे एकमत झाले तरी त्या एकमतास किती किंमत द्यावयाची?

याचा प्रत्यय खेळाबाहेरही येतो. नेदरलंड्समध्ये २०२० साली उत्तर समुद्राविषयी सरकार, ऊर्जाव्यवसाय, बंदरे आणि निसर्गसंस्था यांच्यात दीर्घ वाटाघाटींनंतर करार झाला. मच्छीमारांच्या प्रमुख संघटना मात्र त्यात सामील झाल्या नाहीत. ज्यांच्या पायाखालची वाट सर्वांत जास्त बदलणार होती, तेच बाहेर राहिले.

आपल्याकडील एक उदाहरण अधिक बोलके आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या बांधकामात वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून कोळ्यांच्या नौकांची ये-जा होते तेथे पुलाच्या दोन खांबांमधील अंतर साठ मीटर ठेवलेले होते. नकाशावर साठ मीटर हे नौकेच्या रुंदीच्या कितीतरी पट आहे. परंतु वारा, लाटा आणि भरतीची ओढ असताना नौका रेषेवरून जात नाही. ती वाहते, वळते, हेलकावते. खांबांमधून सुखरूप जाण्यास मोकळी जागा किती हवी, हे ती वल्हवणाऱ्याला व हाकणाऱ्यालाच ठाऊक. वरळीच्या कोळ्यांनी दीर्घकाळ हा मुद्दा लावून धरला आणि डिसेंबर २०२२ मध्ये अंतर एकशेवीस मीटर करण्याचे शासनाने मान्य केले. हा वाद दोन आकड्यांमधला दिसतो. वस्तुतः तो स्थिर समुद्र आणि हलता समुद्र या दोन वाचनांमधला होता. असा डाव आराखडा कागदावर असतानाच पटावर मांडला गेला असता, आणि नौका हाकणारा मनुष्य पटापाशी असता, तर हा प्रश्न पहिल्याच पाळीत पुढे आला असता, असे म्हणावयास हरकत नाही.

किंबहुना मच्छीमारांच्या स्वतःच्या परंपरांत वाटणीचे जे खेळ आहेत, त्यांत काळाची जाण आधीपासूनच आहे. तुर्कस्तानातील अलान्या येथील मच्छीमारांची व्यवस्था एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात सांगितल्यापासून प्रसिद्ध आहे. तेथे जाळे टाकण्याच्या सर्व जागांची नावानिशी यादी असते. जागांमध्ये अंतर असे राखलेले असते की एकाच्या जाळ्याने शेजाऱ्याचा मासा अडू नये. सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून ज्याची त्याची आरंभीची जागा ठरते. जानेवारीपर्यंत प्रत्येकजण रोज एक जागा पूर्वेकडे सरकतो आणि त्यानंतर मेपर्यंत पश्चिमेकडे. चांगली जागा प्रत्येकाला मिळते, पण कायमची कोणालाच मिळत नाही. भारतात पुलिकतच्या खाजणात आणि केरळमधील काही खाड्यांत 'पाडू' या नावाने ओळखली जाणारी अशीच पद्धती आहे. तेथेही चिठ्ठ्या आहेत आणि तेथेही पाळ्या आहेत. मराठी वाचकाला खानदेशातील पांझरेच्या काठची फडपद्धती आठवेल. तेथे नदीचे पाणी असेच पाळीने फिरते. नकाशावर दिसतात ते जागेचे वाटे. या व्यवस्थांत वाटली जाते ती वेळ. त्यांचे गौरवीकरण करण्याचे मात्र कारण नाही. पाडूत चिठ्ठी टाकण्याचा हक्क पुष्कळ ठिकाणी जातीच्या सभासदत्वाने ठरतो आणि जो बाहेरचा तो बाहेरच राहतो. पटापाशी कोणी बसावयाचे हा प्रश्न आधुनिक खेळाइतकाच परंपरेलाही विचारावयाचा आहे.

कोकणातील व गोव्यातील रापणीत एकच लांब जाळे अनेक हातांनी किनाऱ्याकडे ओढतात आणि मिळालेल्या माशांचे वाटे ठरलेल्या रीतीने पडतात. १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ आले तेव्हा गोव्याच्या रापणकारांनी उभारलेल्या लढ्याने या विषयाला देशव्यापी रूप दिले. १९८० साली गोव्यात आणि १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. त्या लढ्यातील मागणी नकाशाची होती : किनाऱ्यालगतचा पट्टा आम्हांस राखून द्या. ती मागणी न्याय्यच होती. तरीही २०१६ साली महाराष्ट्रात पर्ससीन जाळ्यांवर नव्याने निर्बंध घालावे लागले. पट्टा राखल्याने समुद्राची वाटणी एकदाची संपत नाही, ती पुनःपुन्हा बोलून ठरवावी लागते, एवढे यावरून दिसते.

६

आता भाषेकडे वळू. अनुकृतिखेळाचे नियम, सोंगट्या आणि निर्देशांक हीच त्याची भाषा होय. त्या भाषेत ज्याला शब्द नाही, ते पटावर नसते. पुष्कळ खेळांत 'मासेमारी' ही एकच सोंगटी किंवा एकच थर असतो. फार तर जाळ्यांच्या दोनतीन प्रकारांचा भेद केलेला असतो. मराठी किनाऱ्यावरच्या मच्छीमाराच्या दृष्टीने हा शब्द फार ढोबळ आहे. डोल हे जाळे पाण्याच्या ओढीवर चालते. ते एका जागी बांधलेले असते आणि प्रवाहच मासा त्यात आणून सोडतो. म्हणून उधाणाच्या भरतीचे दिवस आणि भांगाच्या भरतीचे दिवस यांत डोलकराच्या दृष्टीने एकाच जागेची किंमत निरनिराळी असते. त्याची जागा स्थळ व तिथी मिळून होते. 'उधाण' आणि 'भांग' हे दोन शब्द नियमांत आले तर पटाला चांद्रमास जोडावा लागेल, आणि जोडला की दुसऱ्या उपयोगांसाठीही काही वेळ मोकळी सापडेल. तारा टाकण्याचे किंवा गाळ काढण्याचे काम भांगाच्या दिवसांत करता येईल काय, हा प्रश्न मग कोणीतरी विचारील. शब्द नसताना तो कोणास सुचणार नाही. अलान्याच्या यादीत प्रत्येक जागेला नाव होते म्हणूनच चिठ्ठी टाकणे शक्य झाले, हे येथे पुन्हा आठवावे.

भारतात हा विचार आता दूरचा राहिलेला नाही. भारत व नॉर्वे यांच्यात २०१९ साली सुरू झालेल्या सहकार्यातून पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप ही सागरी अवकाश-नियोजनाची पथदर्शी क्षेत्रे निवडण्यात आली. एका ठिकाणी किनाऱ्याची भाषा तमिळ आहे. दुसऱ्या ठिकाणी मलयाळमच्या जवळची जसरी आणि मिनिकॉयला महल. आराखड्याची भाषा मात्र बहुधा इंग्रजी राहते. उद्या हे काम इतर किनाऱ्यांवर आले तर तेथे मराठी, कोकणी, गुजराती, कन्नड, तेलुगू, उडिया, बंगाली या भाषांतील समुद्र निरनिराळा आहे, हे कोणी तरी सांगावे लागेल. त्यासाठी जे काम करावयास हवे ते आपल्या विद्याशाखेच्या आवाक्यातले आहे. किनाऱ्यावरच्या जागांची, वाऱ्यांची, भरतीओहोटीच्या अवस्थांची आणि जाळ्यांची नावे त्या त्या बोलीतून त्यांच्या वापराच्या वर्णनासह नोंदविणे. ज्या लोकगीतांत व कथांत समुद्राच्या वाटणीचे संकेत आहेत ती त्या दृष्टीने पुन्हा वाचणे. आणि खेळांचे नियम भाषांतरित करताना कोणता शब्द परभाषेत बसत नाही हे टिपून ठेवणे. शब्द जेथे अडतो तेथेच बहुधा नियम अपुरा असतो. भाषांतरकाराची ती अडचण खेळ रचणाऱ्याला सर्वांत उपयोगी माहिती ठरेल.

एक सावधगिरी मात्र बाळगावयास हवी. साधारणीकरणाने जी गाठ सुटते ती खेळ संपल्यावर पुन्हा बांधावी लागते. रंगमंचावरचा शोक घरी नेण्याचे प्रेक्षकावर बंधन नाही. पटावर घेतलेल्या निर्णयाची किंमत मात्र कोणीतरी खऱ्या समुद्रात मोजणार असतो. म्हणून खेळानंतरची चर्चा, जिला या क्षेत्रात खेळाइतकेच महत्त्व दिले जाते, ती केवळ 'आम्ही काय शिकलो' एवढ्यावर थांबू नये. आपण ज्याची भूमिका केली त्याला ती ओळखू येते काय, हा प्रश्न त्या चर्चेत प्रत्येक भिडूने विचारावा, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी तो मनुष्य समोर असावा. त्याला आपल्या भाषेत 'असे नव्हे' म्हणता आले आणि त्यावरून नियम बदलला गेला, तर भट्टतोतांच्या आक्षेपाला त्या पटापुरते उत्तर मिळेल. मूळ पाहिलेला माणूस तेथे असेल, आणि पुढची पाळी त्याची असेल.